किती हात मिळतील, ते विचार

प्रिय ताई,

मी 23 वर्षांची आहे. बारावी सायन्स झालं आणि घरच्या अडचणींमुळे पुढचं शिक्षण राहिलं. दीड वर्ष झालं, एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. पावत्या फाडते, रिपोर्ट देते. आतल्या खोलीत रक्त काढणाऱ्यांचं काम रोज बघते आणि आता मलाही फ्लेबोटॉमी टेक्निशियन व्हावंसं वाटतंय. दोन कोर्स समोर आहेत. एक तीन महिन्यांचा, जवळजवळ सगळा ऑनलाइन, शेवटी दोन आठवडे प्रॅक्टिकल आणि वर नोकरीची हमी. दुसरा नऊ महिन्यांचा, त्यात हॉस्पिटलचं पोस्टिंग आहे, पण त्यासाठी सकाळचं काम सोडावं लागेल. मोठा भाऊ म्हणतो, "सुई टोचायचंच तर काम, त्याला नऊ महिने कशाला?" खरं सांगू का, माझा हात थरथरतो. आणि एकदा एका पेशंटच्या कोपरावरून रक्ताचा ओघळ आलेला बघून मला घेरी आली होती, खुर्ची धरून बसावं लागलं. अशा मुलीने या वाटेला जावं का?

— काउंटरवरची

ता. क. मी डावखुरी आहे. चालतं का? आणि मला अहो-जाहो करू नका.


काउंटरवरच्या मुली,

तुझ्या भावापासूनच सुरुवात करते, कारण त्याचं हे वाक्य नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही म्हणायचे. सुई टोचायचंच तर काम. एकदा हात बसला की झालं.

हात बसला होताच माझा. सहा-सात महिने झाले असतील. एका सकाळी खोलीबाहेर रांग लागलेली, समोर एक आजोबा, शीर दोऱ्यासारखी. चढत्या गर्दीच्या घाईत मी आधी जांभळ्या टोपणाचा बल्ब, म्हणजे रक्त घ्यायची नळी, भरला. लाल टोपणाच्या बल्बात जेमतेम बोटभर रक्त आलं आणि शीर बसली. आजोबांना पुन्हा टोचायचं माझ्या जिवावर आलं. जांभळ्या बल्बात रक्त भरपूर होतं. मी टोपण काढलं आणि त्यातलं थोडं लाल बल्बात ओतलं. रक्त त्याच माणसाचं, त्याच शिरेतलं, त्याच मिनिटाचं. त्यात काय बिघडणार होतं?

तासाभराने बायोकेमिस्ट्रीच्या मॅडमनी मला आत बोलावलं. स्क्रीनवर आजोबांचे आकडे होते. पोटॅशियम इतकं वर, की माणूस आयसीयूत असायला हवा. कॅल्शियम इतकं खाली, की हातापायांना वांब यायला हवेत. आणि आजोबा तर दोन तासांनंतरची शुगर द्यायची म्हणून बाहेर बाकावर पेपर वाचत बसलेले. मॅडमनी एकच शब्द विचारला, "ओतलंस?"

जांभळ्या बल्बात ईडीटीए असतं, पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवणं हेच त्याचं काम, म्हणून तर त्या बल्बातलं रक्त गोठत नाही. ते रक्त मी दुसरीकडे ओतलं तेव्हा पोटॅशियम वाढलं आणि कॅल्शियम गायब झालं. एकाच रिपोर्टात हे दोन्ही दिसले, की जाणकार माणूस पेशंटकडे न बघताच ओळखतो. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाहेर जा, चूक माझी होती असं त्यांना सांग, आणि पुन्हा टोच." त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुई मात्र त्या सकाळी मी अगदी बरोबर टोचली होती. भावाला एवढंच सांग.

लॅबमध्ये होणाऱ्या चुकांतला मोठा वाटा सॅम्पल मशीनपर्यंत पोचण्याआधीचा असतो, आणि त्यातलं पुष्कळसं कलेक्शनच्या खुर्चीपाशी घडतं. म्हणूनच कोणता बल्ब कोणत्या क्रमाने भरायचा, हे घोकून घेतात. आधी कल्चरच्या (रक्तातल्या जंतूंच्या तपासणीच्या) बाटल्या, मग रक्त गोठण्याच्या तपासणीचा निळा, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, मग जांभळा, शेवटी शुगरचा राखाडी. आदल्या बल्बातल्या औषधाचा अंश सुईवाटे पुढच्या बल्बात गेला, तरी त्याने पुढच्या तपासणीची वाट लागू नये, असा हा क्रम लावलेला आहे. निळा बल्ब खुणेपर्यंत भरावाच लागतो, कारण त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं औषध) असं माप बांधलेलं असतं. अर्धाच भरला तर औषध जास्त होतं, रक्त गोठायला उशीर लागतोय असं मशीन सांगतं, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या पेशंटचा डोस डॉक्टर विनाकारण कमी करून बसतात. बल्ब भरल्यावर तो हळुवार उलटासुलटा करायचा, जांभळा आठ ते दहा वेळा, निळा तीन-चार वेळा. खळखळून हलवला तर लाल पेशी फुटतात. मग "सॅम्पल हिमोलाइझ आहे, परत बोलवा" असा आतून निरोप येतो आणि तो निरोप पेशंटला फोन करून तूच देतेस. आता कळलं, तो फोन कुठून सुरू होतो ते?

काउंटरवरून तुला आणखी एक गोष्ट दिसत असेल. पेशंटला "मूठ उघडा-मिटा, उघडा-मिटा" असं सांगणारे टेक्निशियन. पट्टा बांधलेल्या हाताने मूठ अशी पंपासारखी चालवली, की पोटॅशियम खोटंच वाढतं. मूठ नुसती हलकेच मिटली तरी पुरते. पट्टाही एका मिनिटाच्या वर ठेवायचा नसतो. शीर शोधण्यात वेळ गेला, तर पट्टा सोडायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि पुन्हा बांधायचा. अनुभवी माणसंही गर्दीत हे विसरतात. मी स्वतः विसरलेय.

आणि नाव. "तुम्हीच ना अमुक?" असं कधी विचारायचं नाही. ऐकू कमी येणारा माणूस, घाबरलेला माणूस, नंबर जाईल म्हणून धास्तावलेला माणूस, सगळे मान डोलावतात. "तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा," असं विचारायचं आणि ते कागदाशी ताडून बघायचं. लेबल रक्त काढल्यावर, पेशंट समोर असतानाच लावायचं. आधीच लावून ठेवलेले बल्ब अदलाबदल होतात, आणि अशा अदलाबदलीने एखाद्याला चुकीच्या गटाचं रक्त चढू शकतं. चुकलेली शीर पुन्हा टोचता येते, पण चुकलेलं लेबल बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता तुझे कोर्स. तीन महिने की नऊ, हा प्रश्न तू चुकीच्या टोकाने धरला आहेस. महिने मोजू नकोस, हात मोज. शिकताना पेशंटचे खरे हात किती मिळतील, आणि ते मिळताना शेजारी कोण उभं असेल?

ऑनलाइन शिकण्याला माझा विरोध नाही. शिरांची नावं, बल्बांचा क्रम, संसर्ग टाळायचे नियम हे पडद्यावर उत्तम शिकता येतं, दहा वेळा मागे जाऊन बघता येतं. पण दोन आठवड्यांच्या प्रॅक्टिकलचा हिशेब करून बघ. सुट्ट्या वगळून 12 दिवस. बॅचमध्ये 20 जण. सेंटरवर सकाळी 40 पेशंट आले आणि सगळेच्या सगळे शिकणाऱ्यांना दिले, जे कुणी देत नाही, तरी तुझ्या वाट्याला रोज दोन. म्हणजे 24 हात. काही प्रमाणन परीक्षांना नुसतं बसायचं तरी शिरेतून 30 आणि बोटाच्या टोकावरून 10 यशस्वी नमुन्यांची नोंद मागतात, आणि तो किमान आकडा झाला. माझ्या अनुभवात पहिले तीसेक हात नुसती भीती मोडण्यात जातात. शंभरीच्या पुढे कुठे बोटाला शीर कळायला लागते. नऊ महिन्यांच्या कोर्समध्ये सहा महिने खरं पोस्टिंग असेल आणि रोज पाच जरी मिळाले, तरी साडेसातशे होतात.

पण 'असेल' हा शब्द लक्षात ठेव. नऊ महिन्यांचे असेही कोर्स मी पाहिले आहेत, जिथे पोस्टिंगवरच्या मुलांकडून सहा महिने फाइली उचलून घेतल्या आणि बल्बांवर बारकोड चिकटवून घेतले. म्हणून प्रवेश घेण्याआधी तिथे जा आणि सरळ विचार. पोस्टिंग कोणत्या विभागात, किती आठवडे? लॉगबुक असतं का, आणि प्रत्येक नमुन्यापुढे सही कोण करतं? मागच्या बॅचमधल्या एखाद्या मुलीचं लॉगबुक बघायला मिळेल का? या शेवटच्या प्रश्नावर जो माणूस विषय बदलतो, त्याला पैसे देऊ नकोस. मागच्या बॅचच्या दोघा-तिघांना गाठून, म्हातारी माणसं, लहान मुलं, वॉर्डातले पेशंट मिळाले का तेही विचार. धडधाकट तरुणाच्या दंडावर तर कुणीही शिकतं.

नोकरीची हमी म्हणतात, ती कागदावर काय आहे ते वाच. 'हमी' आणि 'साहाय्य' यांत फरक असतो. त्यापेक्षा उलटीकडून ये. जिथे तुला काम करायचं आहे, अशा तीन-चार जागी विचार, की तुम्ही कुणाचं सर्टिफिकेट मानता. मान्यतेचे नियम जागोजागी वेगळे असतात. काही ठिकाणी परवाना किंवा नोंदणी लागते, काही ठिकाणी फक्त लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा झालेल्यांनाच सुई हातात देतात. हे आधी कळलेलं बरं. आणि तू तर लॅबमध्येच बसलेली आहेस! तुझ्या लॅबच्या मालकांना विचारायला लाजू नकोस. कोर्सच्या काळात तुला दुपारची पाळी देता येईल का, हेही त्याच बैठकीत विचार. कलेक्शनची गर्दी सकाळी असते, पोस्टिंगही सकाळीच असतं, आणि रिपोर्ट वाटायचं काम दुपारनंतर. नोकरी सोडण्याआधी निदान एकदा विचारून बघ. पुढे त्यांनाच कलेक्शनला माणूस लागणार आहे.

तेव्हा माझं मत: लॉगबुक आणि पोस्टिंग खरं निघालं तर नऊ महिन्यांचा घे. ते खोटं निघालं तर दोन्ही सोड आणि तिसरा शोध. तीन महिन्यांचा, आहे त्या रूपात, घेऊ नकोस.

आता थरथरणारा हात. मला हाताची थरथर नसलेल्या नवख्यांची जास्त काळजी वाटते. थरथर बहुतेक वेळा श्वास रोखल्याने वाढते आणि हात अधांतरी धरल्याने दिसते. त्याला उपाय आहे. हात हवेत ठेवायचाच नाही. सुई धरलेल्या हाताची करंगळी किंवा तळव्याची कड पेशंटच्या हातावर टेकवायची, म्हणजे तुझा हात आणि त्याचा हात एकत्र हलतात. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टोचायच्या जागेच्या थोडं खाली कातडी ताणून धरायची, नाहीतर शीर बाजूला सरकते. सुईचं तिरपं कापलेलं तोंड वर, कोन 15 ते 30 अंशांच्या आत. टोचताना श्वास सोडायचा. कातडीतून शिरताना एक अडथळा जाणवतो, आणि शिरेत गेल्यावर तो एकदम सैल पडतो. ते सैल पडणं बोटांना ओळखीचं झालं, की थरथर आपोआप कमी होते. आधी रबराच्या हातावर कर, कंटाळा येईपर्यंत कर.

पण सुईच्याही आधी बोट. शीर डोळ्यांनी शोधायची नसते. दिसणारी निळी शीर पुष्कळदा वरवरची आणि पळपुटी निघते. कोपराच्या खोबणीत मधोमध असते ती मेडियन क्युबिटल, बहुतेकांमध्ये तीच सगळ्यात भरवशाची, आणि कित्येकदा ती दिसतच नाही. तर्जनीच्या टोकाने हलकं दाबून सोडायचं. शीर स्प्रिंगसारखी परत उसळते. स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा दोरीसारखा कडक लागतो आणि उसळत नाही. धमनी स्वतःच ठोके देते, तिच्या वाटेला जायचं नाही. आतल्या, छातीकडच्या बाजूची बॅसिलिक शीर कितीही मोहात पाडो, ती सगळ्यात शेवटी, कारण तिच्या आसपास धमनी आणि मज्जातंतू दोन्ही असतात. टोचल्यावर पेशंट म्हणाला, की बोटांपर्यंत करंट गेला, तर त्याच क्षणी सुई बाहेर. "थोडं सहन करा" म्हणायची ती वेळ नाही.

हा चाचपण्याचा सराव तुला आजपासून करता येईल. घरातल्या प्रत्येकाचा हात माग, डोळे मिट, बोटाने शीर शोध, मग डोळे उघडून बघ. भावापासूनच सुरू कर, त्याच्या दंडावर शिरा भरपूर असतील. सुई मात्र घरी कुणाला लावायची नाही, कितीही आग्रह झाला तरी. शिकवणारं माणूस शेजारी नसताना टोचलेला हात मी सराव म्हणून मोजत नाही.

घेरीचं मी गंभीरपणे घेते, पण त्याने वाट अडते असं मला वाटत नाही. रक्त बघून चक्कर येणाऱ्यांत आधी छाती धडधडते आणि मग नाडी आणि रक्तदाब दोन्ही झपकन उतरतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली बसतो. बाकीच्या भीतींमध्ये दाब चढतो, इथे तो उतरतो, म्हणून 'शांत हो, अंग सैल सोड' हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडू शकतो. यावर एक जुनी, तपासलेली युक्ती आहे. दंड, मांड्या, पोट यांचे स्नायू 10 ते 15 सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा जरा गरम वाटेपर्यंत. मग अर्धा मिनिट सोडायचे. असं पाच वेळा. रोज घरी कर, आणि मग लॅबमधल्या ताईंना विचारून, पेशंटची हरकत नसेल तर, त्यांच्या खोलीत दाराशी उभी राहून बघ. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, आठवड्याने अर्धा तास. माझ्या बघण्यातले बहुतेक जण यातून बाहेर आले. एक-दोन नाही आले, ते लॅबमध्येच मशीनच्या बाजूला गेले आणि तिथे छान रमले. तू पोस्टिंगआधीच हे तपासून बघ, म्हणजे फी भरल्यानंतर कळायला नको.

या घेरीचा पुढे तुला फायदाच होईल, हे मात्र खरं. ओठ पांढरे पडणं, कपाळावर घाम, बोलता बोलता गप्प होणं, हे तू पेशंटच्या चेहऱ्यावर इतरांच्या आधी ओळखशील. अशा वेळी आधी पट्टा सोडायचा, सुई काढायची, दाबून धरायचं, मग आडवं करायचं. आणि टोचण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, "पूर्वी कधी रक्त देताना चक्कर आली होती का?" हो म्हणाला तर सुरुवातच आडवं करून.

एक काम आज करायचं आहे. कोर्स कोणताही घे, हेपॅटायटिस बीच्या लसीचं डॉक्टरांशी बोल. लहानपणी पूर्ण झाली असेल तर अँटीबॉडी तपासून घे. नसेल तर तीन डोस असतात, पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी तपासणी. अँटीबॉडीचा आकडा 10 किंवा त्याच्या वर हवा. म्हणजे आज सुरू केलं तरी संरक्षण पक्कं व्हायला अर्ध्या वर्षाहून जास्त लागतं, आणि पोस्टिंग त्याच्या आधी येईल. हे मी घाबरवायला सांगत नाही. बाधित पेशंटची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका साधारण 0.3 टक्के असतो, पण लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बीचा धोका 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. लोक पहिल्याला घाबरतात आणि दुसरीची लस घ्यायला विसरतात.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. लावताना ती टोपणाऐवजी बोटात जाते. सुई थेट न फुटणाऱ्या डब्यात टाकायची, आणि डबा पाऊण भरला की बदलायचा. टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, बोट पिळायचं नाही, चोखायचं तर मुळीच नाही, आणि त्याच मिनिटाला वरिष्ठांना सांगायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी बरी, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. मुली हे लपवतात, ओरडा पडेल म्हणून. मीही एकदा लपवलं होतं, सुदैवाने काही झालं नाही, पण ते तीन महिने कसे काढले ते माझं मला माहीत. कोर्सवाल्यांना विचार, "मला सुई टोचली तर तुम्ही काय करता?" उत्तर तोंडपाठ यायला हवं.

पुढच्या वाटेबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. हे काम कायम लागतं, पण नुसत्या फ्लेबोटॉमीवर फार वर चढता येत नाही. पहाटे निघायचं, तासन्‌तास वाकून उभं राहायचं, घरोघरी जाऊन सॅम्पल घ्यायचं तर ऊन-पाऊस आलाच. चाळिशीत कंबर बोलायला लागते, माझी बोलली. म्हणून दोन-तीन वर्षं हात पक्का झाला, की लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा किंवा पदवी डोक्यात ठेव. रक्तपेढीत, लहान मुलांच्या विभागात, क्वालिटीच्या कामात अनुभवी हाताला मान असतो. बाळाच्या टाचेतून नमुना घेता येणारी मुलगी कोणतीही लॅब हसत ठेवून घेते.

आणि दोनदा टोचून मिळालं नाही, तर तिसऱ्यांदा स्वतः टोचायचं नाही, दुसऱ्याला बोलवायचं. नवखेपणी हे सगळ्यात जड जातं.

राहिली तुझी ता. क. डावखुरी चालते, मजेत चालते. फक्त पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्यांना सांग. माझ्या हाताखाली एक डावखुरा मुलगा होता. तीन आठवडे त्याचे टोपण पडायचे, बल्ब सापडायचे नाहीत, आणि मी त्याला धांदरट समजत होते. मग एके दिवशी बघितलं, की वापरलेली सुई घेऊन त्याचा हात दर वेळी पेशंटच्या अंगावरून पलीकडे, उजव्या बाजूच्या डब्याकडे जातोय. सगळ्या खोलीची मांडणी उजव्या हाताची होती आणि तो बिचारा काही बोललाच नव्हता. मी ट्रे आणि डबा उचलून डावीकडे ठेवले. त्या सकाळी त्याने एकामागोमाग एक नऊ जणांचं रक्त काढलं, एकही टोपण न पाडता.

— ताई